यादी खाली करा

दूधविनायक, वाराणसी
१८ नोव्हेंबर १९९६

दादा,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज. जेवढं लिहवेल तेवढंच लिहिते. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला माहीत आहे. भाऊबीजेला आई दारातून हलली नाही आणि तू आला नाहीस, त्याबद्दल तुला काय म्हणायचं ते पुढे कधीतरी म्हणेन. आज ट्रस्टच्या दवाखान्यात जे झालं ते मात्र तुला आजच कळायला हवं, कारण तिथल्या कंप्यूटरवर चालतो तो प्रोग्राम तुझा आहे.

सात नंबरच्या खाटेवर कालिंदीबाई नावाच्या एक आजी आहेत. जालन्याहून लेकीबरोबर कार्तिकस्नानाला आल्या. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरला, घोटा मुरगळला, म्हणून काल संध्याकाळी त्यांना दाखल केलं. बाकी बाई ठणठणीत. आज सकाळी सिस्टरने त्यांना इन्सुलिन टोचलं! मधुमेहाचं नावसुद्धा नाही त्या बाईला, आणि इन्सुलिन! का, तर औषधांच्या छापील यादीत सात नंबरसमोर ते होतं. काल दुपारपर्यंत त्या खाटेवर दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांचं ते औषध. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या आणि त्यांचं इन्सुलिन मागे राहिलं.

त्यात कालिंदीबाईंचा कार्तिकाचा नेम, पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आधी घाम फुटला, मग जीभ जड झाली, मग त्यांनी डोळेच फिरवले. मी कंप्यूटर क्लासला शिकवायला निघाले होते तर गोपीनाथरावांनी माणूस पाठवला. ट्रस्टचे सेक्रेटरी झाल्यापासून ते कुणाला साधं बोलावतच नाहीत, "तुझ्या भावाची मशीन पागल झालीय, चल जल्दी," असा निरोप. मी गेले तेव्हा डॉक्टर ग्लुकोज चढवत होते आणि आजींची लेक भिंतीला टेकून खाली बसली होती. ती रडतसुद्धा नव्हती. मला अजून ती तशीच दिसतेय.

मशीन पागल झालेली नाही. मी तुझा प्रोग्राम दोनदा चालवून पाहिला, सगळं जिथल्या तिथे आहे. यादी भरली आपल्या गल्लीतल्या जोशांच्या नव्या सुनेने, पद्मावहिनींनी. त्या कऱ्हाडच्या. लग्न होऊन आल्या त्याला वर्षसुद्धा झालं नाही. शिवराम रेल्वेत लागला म्हणून त्याच्या जागी ट्रस्टने यांना घेतलं, आणि एकटीने यादी भरायची आजची त्यांची पहिलीच सकाळ होती. शिवराम जाताना एवढंच सांगून गेला म्हणे, "भिंतीवर कागद आहे, सगळं लिहिलंय." कागद तुझाच. त्या बिचाऱ्या सारख्या म्हणत होत्या, "मी लिहिलंय तसंच केलं हो, अगदी तसंच केलं." कुणी ऐकून घेतलं नाही. आठ डिसेंबरला ट्रस्टींची बैठक आहे, तोवर त्यांनी दवाखान्यात पाय ठेवायचा नाही. त्यांचे सासरे तिथेच सगळ्यांसमोर म्हणाले की बैठकीत सुनेवर ठपका आला तर तिला कऱ्हाडला पोचवून येतो, चारचौघांत असली हसाई आमच्या घराला नको. पोचवून येतो, म्हणजे परत आणत नाही. नवरा शेजारी उभा राहून चपला बघत होता.

दुपारी लक्साच्या पीसीओवरून तुला पुण्याला फोन लावला. नशिबाने पीसीओ खाली होता. तुझ्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "आहेत की, देते हं." मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग म्हणाल्या, "बाहेर गेलेत." दादा, एक बाई मरायला टेकलीय असा निरोप होता तो.

आजी रात्रीपर्यंत शुद्धीवर आलेल्या नाहीत. शुद्धीवर येऊ देत म्हणून आईने देवापुढे दिवा लावलाय.

ऋता


दूधविनायक, वाराणसी
२० नोव्हेंबर १९९६

दादा,

आजी शुद्धीवर आल्या. त्या लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारतात आणि डावा-उजवा हात त्यांना चटकन उमगत नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुधारेल. किती, ते सांगत नाहीत.

आता जे सांगते ते बसून वाच. 

काल गोपीनाथरावांच्या हातापाया पडून ऑफिसची किल्ली घेतली आणि पद्मावहिनींना मागच्या दाराने आत नेलं. म्हटलं, "त्या सकाळी जसं केलंत तसंच करून दाखवा, मी मध्ये बोलणार नाही." त्यांनी भिंतीवरच्या तुझ्या कागदावर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं, "मशीन सुरू करा." केलं. "कालची यादी खाली करा." आणि त्यांनी यादीच्या ओळी खाली सरकवायचं बटण दाबलं. कालची सगळी यादी सरसर खाली गेली आणि वर नव्यासाठी कोरी जागा झाली. "आजची यादी भरा." वर भरली. "छापा." छापली. वर आजचं, खाली कालचं, आणि सात नंबर दोनदा.

मी ओरडलेच. "अहो, यादी खाली करायची होती!"

"मग खालीच केली की!"

"खाली कुठे केलीत? सगळी तशीच आहे की ही!"

"तशीच आहे, पण खाली आहे ना?"

 मला वाटलं ही बाई माझी चेष्टा करतेय, आणि त्यांना वाटलं मी ह्या गावातली आणखी एक शहाणी. शेवटी मी टेबलावरचा पेला उचलून दाखवला. "हा खाली करा बरं." त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि पाण्यासकट जमिनीवर ठेवला.

दादा, मी म्हटलं, "अहो, पाणी तर तसंच आहे!"

"रिकामा म्हणायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग रिकामा म्हणावं ना! खाली म्हणजे खाली." आणि बोटाने फरशी दाखवली.

रिकामा! हा शब्द आपल्या घरात तू कधी ऐकलायस? आई डबा खाली करते, बाबा खोली खाली करून घेतात, परवा मी तुला पीसीओ खाली असल्याचं लिहिलं. पिढ्यान् पिढ्या काशीत राहून हिंदीतला खाली आपल्या मराठीत कधी येऊन बसला ते कुणाला कळलंही नाही. शिवराम इथलाच, त्याने तुझा कागद वाचला आणि रोज यादी पुसली. पद्मावहिनी कऱ्हाडच्या, त्यांनी तोच कागद वाचला आणि यादी खाली सरकवली. दोघांनीही तू सांगितलंस तेच केलं.

तू मराठीत लिहिलंस ते चांगल्या मनाने लिहिलंस, हे मला माहीत आहे. देशावरून येणाऱ्या माणसांना हिंदी जमत नाही असं तूच म्हणाला होतास. पण चारच ओळी लिहिल्यास रे! "कालची यादी पुसून टाका" एवढं लिहायला किती शाई जास्त लागली असती? मार्चमध्ये तुझ्या निरोपाच्या जेवणाला मी पाहुण्यांसमोर म्हटलं की दादाचा प्रोग्राम अक्कलवाला आहे, पण त्याचा कागद वाचून माणूस कुठे वळायचं ते न कळून चौकात उभाच राहील. तू म्हणालास, "लिहिणं कारकुनाचं काम, मी इंजिनियर आहे," आणि ताटावरून उठलास. तेव्हापासून अबोला. मी तो शब्द तेव्हाही मागे घेतला नाही आणि आज तर मुळीच घेणार नाही.

पण भांडण राहू दे. तू ट्रस्टला एक पत्र लिही. फार नको. कागद मी लिहिला, त्यात शब्द चुकला, पद्माबाईंनी वाचलं ते बरोबर वाचलं. बस्स. मी सांगून कुणी ऐकत नाही. मी लहान, त्यातून तुझी बहीण, आणि माझ्याकडे इंजिनियरची पदवी नाही. आठ तारखेच्या आत ते पोचायला हवं. रजिस्टरने पाठव.

ऋता


दूधविनायक, वाराणसी
३० नोव्हेंबर १९९६

विश्वेश,

दादा म्हणायला आज जीभ वळत नाही.

तुझं पत्र ट्रस्टला पोचलं. गोपीनाथरावांनी मला बोलावून हातात दिलं, कारण त्यांना ते कळलं नाही. दोन पानं, टाइप केलेली, इंग्रजीत. मेमरी, फाइल, ओळींची रचना, काय काय लिहिलंयस. त्यात माणसाला कळेल असं एकच वाक्य आहे आणि नेमकं तेच खोटं आहे. लिहून दिलेली पद्धत ऑपरेटरने पाळली नाही, असं.

पाळली! अक्षरशः पाळली! त्या बाईइतकी तुझी आज्ञा या जगात कुणी पाळली नसेल!

मी आधी स्वतःची समजूत घातली की माझं दुसरं पत्र तुला मिळालं नसेल. मग बाबांना आलेलं तुझं पत्र आईने वाचून दाखवलं. "ऋताला सांगा, शब्दांचा कीस काढू नकोस. पंधरा डिसेंबरला मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे दवाखान्याचंच काम आहे." म्हणजे मिळालं होतं. वाचलं होतंस. वाचून, समजून, मग टाइप करायला बसलास. आईने पत्राची घडी घातली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा म्हणाले, "त्याचीही बाजू असेल." कुठली बाजू, ते मी विचारलं, तर त्यांनी पेपर उघडला.

लहानपणी मला कुत्रं चावलं तेव्हा गल्लीभर खांद्यावर घेऊन धावलेला तो तूच ना? मला खरंच कळत नाहीये. रागसुद्धा नीट येत नाही, नुसतं सुन्न वाटतं.

मी गोपीनाथरावांना पेल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मला वाटलं, उतरलं डोक्यात. मग म्हणाले, "हे बघ ऋता, खाली म्हणजे खाली. गिलास खाली, कमरा खाली, दिमाग खाली. एवढं नाही कळत म्हणजे त्या बाईला मराठीच येत नाही." कऱ्हाडच्या बाईला मराठी येत नाही, आणि हे सांगणार कोण, तर ज्यांच्या एका वाक्यात पाच शब्द हिंदीचे! मी हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही.

पद्मावहिनींना सांगायला गेले. त्या गहू निवडत होत्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "ऋताताई, आता मला माझंच खोटं वाटायला लागलंय. रात्री झोपेत मी तो शब्द म्हणून बघते." सासऱ्यांनी कऱ्हाडला तार केलीय. ट्रंक पलंगाखालून बाहेर काढून दारात ठेवलीय, येता-जाता पायात येईल अशी. नवऱ्याने अजून तोंड उघडलेलं नाही. दुसरीकडे कुठे नोकरी मिळेल का विचारलं, तर म्हणाल्या, "ज्या बाईच्या हातून माणूस मरता मरता वाचलं तिला कोण घेईल?"

आता विनवणी करत नाही. कायम होण्यासाठी तुला एक काम दाखवायचंय ना, खुशाल दाखव. पण त्या कामात तो कागदही धर. प्रोग्राम तुझा आणि कागद मात्र भलत्याचाच असं होत नाही. आमच्या क्लासमधल्या मुलांना मी रोज सांगते की मशीन तुम्ही लिहाल तेवढंच करते, तुमच्या मनातलं करत नाही. तूही हेच शिकलास, मग माणसांच्या बाबतीत कसा विसरलास?

आठ तारखेला सकाळी दहाला बैठक आहे.

ऋता


दूधविनायक, वाराणसी
८ डिसेंबर १९९६

दादा,

बैठक संपवून थेट घरी आले आणि चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय.  जसं झालं तसं सांगते.

मला बोलायला दिलं नाही. "बसायचं तर बस." पद्मावहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. सासरे पुढच्या खुर्चीत. तुझं इंग्रजी पत्र टेबलावर होतं, ठराव बहुतेक लिहूनच आणला होता. एवढ्यात शिपाई काल संध्याकाळी आलेली डाक घेऊन आला आणि तिच्यात तुझं रजिस्टर पत्र.  म्हटलं, आता हा आणखी दोन पानं मेमरी घेऊन आला.

मराठीत होतं. हाताने लिहिलेलं. गोपीनाथरावांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "पद्माबाईंना शिक्षा देऊ नये. शिक्षा द्यायचीच असेल तर ती मला द्यावी."

आणि ते थांबले. "शिक्षा देऊ नये? म्हणजे काय? शिक्षा दिली नाही म्हणून तर हे सगळं झालं!"

दुसरे ट्रस्टी म्हणाले, "खरं आहे. आधी नीट शिक्षा द्यायला पाहिजे होती, दोन हफ्ते तरी."

"आणि ह्याला काय शिक्षा द्यायची? बीई झाला ना हा? आता काय पुन्हा स्कूलमध्ये घालायचा?"

"पुण्याला जाऊन डोकं फिरलं पोराचं."

मीही क्षणभर तशीच गोंधळले, दादा. आपल्या घरी आईने आपल्याला सजा दिली, शिक्षा कधी दिली नाही. शिक्षा आपण शाळेत घेतली, म्हणजे शिक्षण. सगळे एकदम बोलायला लागले. तुझी अक्कल, तुझी पदवी, नवी पिढी, सगळ्यावर. आणि त्या गलक्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"ते तसं नाहीये."

पद्मावहिनी. इतक्या हळू, की पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. मग जरा जोरात. "शिक्षा म्हणजे दंड. तुम्ही सजा म्हणता ना, ती. आमच्याकडे शिक्षा म्हणतात. ते म्हणतायत, मला सजा देऊ नका, त्यांना द्या."

 गोपीनाथरावांनी पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी चष्मा काढला. "मी तर नीट वाचलं," असं म्हणाले. स्वतःशीच.

"हो," पद्मावहिनी म्हणाल्या, "तुम्ही नीटच वाचलंत. मीपण नीटच वाचलं होतं."

बस्स. एवढंच बोलल्या त्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. सासऱ्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदा. गोपीनाथरावांनी पुढचं पत्र मनातच वाचलं आणि मग सगळ्यांना सांगितलं की विश्वेश लिहितो, कागद माझा, शब्द माझा, आधीच्या पत्रातलं ऑपरेटरबद्दलचं वाक्य खोटं आहे आणि ते मी मागे घेतो. लिहून आणलेला ठराव त्यांनी आपल्या हाताने फाडला. पद्मावहिनी उद्यापासून कामावर. आणि तुला शिक्षा, आता कुठल्याही अर्थाने घे, अशी की सुट्टी काढून इथे यायचं, त्यांच्या शेजारी बसायचं, आणि त्या ज्याला हो म्हणतील तोच शब्द कागदावर ठेवायचा. घरी जाताना सासरे सुनेला म्हणाले, "चला, उशीर होतोय." याच्यापुढे त्यांच्याकडून माफी येणार नाही. पण आत्ताच जोशीकाकू, पद्मावहिनींच्या सासूबाई, दारावरून सांगून गेल्या, ट्रंक परत पलंगाखाली गेली.

कालिंदीबाई परवा लेकीबरोबर जालन्याला गेल्या. लेकीला आता लेकीच्या नावाने हाक मारतात, पण उजव्या हाताने घास अजून नीट तोंडाशी जात नाही. ते तुझ्या पत्राने भरून निघत नाही आणि माझ्याही नाही. त्यांचा पत्ता मी घेऊन ठेवलाय, तुला लागेल.

घरी आले तर बाबांच्या हातात तुझं दुसरं पत्र. तू स्वतः साहेबांना सगळं सांगितलंस म्हणे. साहेब म्हणाले की प्रोग्राम लिहिणारे मला ढीगभर मिळतात, तो कसा चालवायचा ते माणसाला नीट समजावून लिहिणारा मिळत नाही, आणि तुला कायम करायचं की नाही ते त्यांनी तीन महिने पुढे ढकललं. कंपनीत अर्धा दिवस लिहिण्यातच जातो आणि तुझे कागद सारखे परत येतात, हेही तू लिहिलंयस. बाबांना हे वाचून धक्का बसला. मला नाही बसला. मला बसलाय तो वेगळाच, आणि तो तुला विचारल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

तो शब्द तू मुद्दाम लिहिलास का?

सजा लिहिलं असतंस तर सगळ्यांना एका झटक्यात कळलं असतं. त्यांनी मान डोलावली असती, तुला मोठ्या मनाचा म्हटलं असतं आणि पद्मावहिनींना तरीही मराठी येत नाही असंच धरून चालले असते. काशीत वाढलेल्या तुला शिक्षा म्हणजे काय वाचलं जाईल ते माहीत नव्हतं? ते चुकावेत, सगळ्यांसमोर, मोठ्याने चुकावेत, म्हणून तू तो शब्द पत्राच्या अगदी तोंडाशी ठेवलास का? तसं असेल तर दादा, तुझ्याइतकं चांगलं लिहिणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि मी तुझ्या पाया पडते.

आणि आठ महिने पुण्यात राहून तो शब्द नुसता तुझ्या तोंडात बसला असेल, आपला कागद कोण वाचणार आहे याचा विचार तू याही वेळी केला नसशील, आणि पद्मावहिनी निव्वळ नशिबाने वाचल्या असतील, तर तेही सांग. पण खरं सांग. मी तासभर विचार करतेय आणि यातलं काय जास्त भयंकर ते मला ठरवता येत नाही.

तुझी,
ऋता